मोठा मासा कुणाचा?

माजलगावात सकाळी कुठल्याही हॉटेलात चहाला बसलं की हात पसरून बोलणारी माणसं दोन प्रकारची दिसतात. काही राजकारणावर बोलतात, काही माशावर. राजकारणावर बोलणारा एक हात उगारतो. माशावर बोलणारा दोन्ही हात समोर धरतो. त्या दोन हातांमधलं अंतर म्हणजे काल संध्याकाळी त्याच्या गळाला लागलेला मासा. तो सुटून गेलेला असेल, तर चहाचा दुसरा कप येईपर्यंत हे अंतर वीतभर वाढतं.

आज मला या दोन हातांमधल्या अंतराबद्दल बोलायचं आहे. मोठा मासा लागतो कसा, तो मोजायचा कसा आणि त्यावरून माणसं एकमेकांशी गमतीनं, पण मनापासून कशी झुंजतात, हे सांगायचं आहे. मी स्वतः गळ टाकण्यात फारसा हुशार नाही. कविता लिहितो, त्यामुळे रिकाम्या हातानं घरी परतायची सवय आधीपासूनच आहे. पण ज्यांच्या शेजारी बसून हे सारं पाहिलं, ते दोघं मात्र पक्के गळवाले आहेत. एक निवृत्त गुरुजी आणि दुसरे आमचे टेलरमामू. वीसेक वर्षांपासून त्यांची शर्यत चालू आहे. हरणाऱ्यानं चहा आणि भजी द्यायची, एवढीच पैज.

आधी जागा सांगतो. माजलगावचं धरण सिंदफणा नदीवर आहे. ही नदी पाटोद्याकडच्या बालाघाटच्या डोंगरातून निघते आणि मंजरथला गोदावरीला मिळते. धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं, 1987 साली पूर्ण झालेलं. पैठणच्या नाथसागराचा उजवा कालवा 132 किलोमीटर वाहत येऊन याच जलाशयात पाणी आणतो. म्हणजे सिंदफणा गोदावरीला भेटायला निघालेली असते, तर गोदावरीच कालव्यातून तिच्या भेटीला आलेली असते. धरणाचा एकूण साठा 454 दशलक्ष घनमीटर. त्यातला 142 दशलक्ष घनमीटर मृतसाठा. मृतसाठा हा पाटबंधारे खात्याचा शब्द. उन्हाळ्यात मासे जगतात ते याच पाण्यात.

अशा जलाशयांत दोन तऱ्हेचे मासे असतात. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडावं लागतं, कारण साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यांना हौदात अंडी घालायला लावण्याची युक्ती डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 जुलै 1957 रोजी ओरिसात यशस्वी केली. आपल्या देशात 10 जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात, तो त्यामुळेच. दुसऱ्या तऱ्हेचे मासे आपलं आपण बघतात. मरळ, वाम, शिंगटा आणि आता सगळीकडे पसरलेली चिलापी. गुरुजी आणि मामूंची शर्यत असते ती मरळीची. काटे कमी, चव मोठी आणि अंगात अशी ताकद, की मनगटाला दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवण राहते.

आता युक्त्या. दोघांनीही त्या मला वेगवेगळ्या वेळी, 'दुसऱ्याला सांगू नका' म्हणून सांगितल्या आहेत. दोघांच्या युक्त्या एकच आहेत, म्हणून मी त्या जाहीर करायला मोकळा आहे.

पहिली युक्ती म्हणजे मासा शोधण्याआधी त्याचं घर शोधा. मरळ उघड्या पाण्यात फिरत नाही. पाण्यात बुडालेल्या बाभळी, बेशरमाची झुडपं, पाणकणसाचे पुंजके, शेवाळाची कड, इथं ती दबा धरून असते. शिवाय तिला वरची हवा घ्यावीच लागते. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवून श्वास घेण्याची एक खोली असते. नुसत्या पाण्यातल्या प्राणवायूवर तिचं भागत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं ती वर येते, 'गुप' असा आवाज होतो आणि पाण्यावर एक वर्तुळ उमटतं. चांगला गळवाला पहिला अर्धा तास गळ टाकतच नाही. तो वर्तुळं मोजतो. लहान वर्तुळाला लहान मासा, जाड आणि संथ वर्तुळाला मोठा.

दुसरी युक्ती खालून वर पाहण्याची. पाण्यातून पाहणाऱ्या माशाला काठावर उभा असलेला माणूस चांगला दिसतो, पण जमिनीलगत बसलेला माणूस जवळजवळ दिसत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाश वाकतो, त्याचा हा परिणाम. म्हणून बसा, शक्य तितकं खाली बसा आणि सावली पाण्यावर पडू देऊ नका. मामू एरवी पांढरा सदरा घालतात, पण धरणावर जाताना मातकट रंगाचा जुना शर्ट घालतात.

तिसरी युक्ती आवाजाची. पुष्कळ लोक गळ टाकून कुजबुजत बोलतात. त्याची एवढी गरज नाही. हवेतला आवाज पाण्यावर आदळून बहुतेक मागे फिरतो. पण पायाचा दणका जमिनीतून सरळ पाण्यात शिरतो आणि पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं धावतो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ असते. तिच्यानं त्याला जवळच्या पाण्यातली हालचाल कळते. त्यामुळे काठावर बसून तुम्ही खुशाल भांडा, फक्त पाय आपटू नका. आमच्या या दोघांनी ही सूट वीस वर्षं पुरेपूर वापरली आहे.

चौथी युक्ती आमिषाची. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी. म्हणून कटल्यासाठी तरंगा जवळ बांधून पीठ आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा हलका, पाण्यात विरघळत जाणारा गोळा लावतात. मृगळासाठी शिसं जड आणि आमिष तळाला. मरळ मात्र शिकारी आहे. पडून राहिलेल्या गोळ्याकडे ती सहसा पाहत नाही, हलणाऱ्या वस्तूवर झडप घालते. पूर्वी यासाठी जिवंत बेडूक लावत. आता बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष सहज मिळतं. ते शेवाळाच्या कडेनं तुरुतुरु ओढत आणायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा ओढायचं. झडप बहुधा त्या थांबण्याच्या क्षणी येते.

पाचवी युक्ती धीराची. मरळीनं झडप घातल्याबरोबर झटका दिला, तर गळ तोंडातून निसटतो. दोन आकडे मोजायचे, तंगूस ताणला गेला की मगच काठी उचलायची आणि मासा झाडोऱ्यात शिरायच्या आत मोकळ्या पाण्याकडे वळवायचा. गुरुजी शाळेत मुलांना 'घाई करू नका' असं पस्तीस वर्षं सांगत आले. स्वतः मात्र ते दोनऐवजी एकच आकडा मोजतात, असं मामूंचं ठाम मत आहे.

हा नाद काही आजकालचा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकात, 1130 च्या सुमारास तयार झाला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूरच्या पलीकडेच. मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हा त्याच्याच राज्यात होता. या ग्रंथात राजानं करायच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असं एक प्रकरणच आहे. त्यात माशांचे खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे गट केले आहेत. कोणत्या माशाला कोणतं खाद्य, काठी कशी, दोरा कसला, याची माहिती दिली आहे. इंग्रजांचा गळावरचा प्रसिद्ध ग्रंथ, आयझॅक वॉल्टनचा, 1653 सालचा. म्हणजे आमच्या मुलखातल्या राजानं ही शर्यत पाच शतकांनी आधीच जिंकलेली आहे. हे गुरुजींनी मामूंना सांगितलं तेव्हा मामू म्हणाले, "राजाचं ठीक आहे गुरुजी, तुमचं काय?"

आणि हा नाद फक्त आपल्याकडचाही नाही. गुरुजींचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सासला असतो. तिथं क्रॅपी नावाचा एक मासा मिळतो. तळहाताहून थोडा मोठा, चपटा, चंदेरी, अंगावर काळे ठिपके. मोठ्या क्रॅपीला तिकडचे लोक 'स्लॅब' म्हणतात. आपण शहाबादी फरशी म्हणावी तसं. पांढऱ्या क्रॅपीचा आजवरचा विक्रम 1957 सालचा आहे, 5 पौंड 3 औंसांचा, म्हणजे सुमारे 2 किलो 350 ग्रॅम. आपल्या कटल्यापुढे हे काहीच नाही, पण तिथं माणसं इंचासाठी जीव टाकतात. क्रॅपीही बुडालेल्या झाडाझुडपांत राहतो. नाताळ संपला की सजवलेली झाडं तळ्यात बुडवून लोक त्याच्यासाठी घरं तयार करतात. त्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, म्हणून तिथंही झटका देणारा हरतो. मुलाचा फोन आला की गुरुजी आधी नातवाची खुशाली विचारतात आणि मग लगेच विचारतात, "किती इंच?"

याच फोनवर एकदा मुलानं सांगितलं, की टेक्सासमधल्या बहुतेक तळ्यांवर 10 इंचांहून लहान क्रॅपी घरी नेता येत नाही आणि एका माणसाला दिवसाला 25 हून जास्त नेता येत नाहीत. बाकीचे पाण्यात परत सोडायचे. गुरुजींना हे फार विनोदी वाटलं. लागलेला मासा सोडायचा, मग गेलात कशाला? तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

नंतर जे घडलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मृगाचा पाऊस होऊन गेला होता. जुलैचा पहिला आठवडा. फुगवट्याच्या काठावर नवं पाणी गवतात शिरलं होतं. एका पुंजक्यापाशी पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर ताटाएवढ्या जागेत शेकडो तांबूस-नारिंगी पिल्लं, काडीएवढी, एकत्र वर येत होती आणि एकत्र खाली जात होती. खाली एक जाड सावली त्यांच्यासोबत फिरत होती.

मरळीची ही रीत आहे. गवतात जागा साफ करून ती घरटं करते. अंडी पाण्यावर तरंगतात, दोन-तीन दिवसांत पिल्लं निघतात आणि त्यानंतर कित्येक आठवडे आई-बाप त्यांची राखण करतात. पिल्लांना मोठं होईपर्यंत पुन्हा पुन्हा हवेसाठी वर यावं लागतं, म्हणून तो नारिंगी गोळा दिसतो. आणि त्या गोळ्यावर काहीही पडलं, बेडूक असो, काडी असो, रबरी आमिष असो, तर राखणीला असलेली मरळ त्यावर तुटून पडते. भुकेनं नव्हे, रागानं. मोठी मरळ मिळवण्याची सगळ्यात सोपी, जवळजवळ न चुकणारी युक्ती हीच आहे. ती गळवाल्यांना माहीत असते. मलाही माहीत होती.

मामू त्या वेळी लांब, दुसऱ्या वळणावर होते. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला मोठा मासा पाहायचा होता. आमिष त्या गोळ्यावर पडलं आणि पाणी फुटलं. या खेपेला गुरुजींनी एकही आकडा मोजला नाही, तरीही मासा सुटला नाही.

मामू आले. त्यांनी खिशातून शिवणकामाची टेप काढली. आमच्याकडे मासा याच टेपनं मोजला जातो. साडेसत्तावीस इंच. वीस वर्षांतला सगळ्यात मोठा. गुरुजींच्या जुन्या हजेरीपटाच्या वहीत ते माप लिहिलं गेलं. तारीख, मासा, लांबी आणि साक्षीदार म्हणून माझं नाव. मामूंनी मग पाण्याकडे पाहिलं. तो नारिंगी गोळा आता गोळा राहिला नव्हता. पिल्लं पसरली होती आणि खालून शिंगटे त्यांना टिपत होते. एक पाणकावळाही येऊन बसला होता. पंधरा-वीस मिनिटांत तिथं पाणी शांत झालं.

मामूंनी टेप गुंडाळली आणि एवढंच म्हणाले, "गुरुजी, हे माप मी घेतलं, पण हा मासा मी धरत नाही. ही शर्यत नव्हती."

गुरुजींना ते लागलं. "मग काय होतं?" ते म्हणाले. मामू बोलले नाहीत. पोळ्यापर्यंत दोघंही एकमेकांशी बोलले नाहीत. मामूंच्या दुकानावरून जाताना गुरुजी रस्त्याची पलीकडची बाजू धरायचे. मी दोघांकडेही जात होतो आणि दोघांनाही सांगत नव्हतो, की काठावर पहिला मी गप्प बसलो होतो.

या काळात मी थोडं वाचलं, मत्स्यव्यवसायातल्या जाणकारांना विचारलं. जे कळलं ते असं. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी घालते आणि नशिबावर सोडून निघून जाते. मरळ घालते काही हजार. तिचा भरवसा संख्येवर नाही, राखणीवर आहे. म्हणून पावसाळ्यात राखणीवरची एक मरळ काढणं म्हणजे एक मासा काढणं नव्हे. ते अख्खं घर काढणं आहे. दुसरं म्हणजे मासा जितका मोठा, तितकी त्याची अंडी जास्त. एक मोठी मादी कित्येक लहान माद्यांइतकं बीज एकटी देते. आपण दर वर्षी मोठे तेवढे वेचून काढले आणि लहान मागे ठेवले, तर काही वर्षांनी आपल्या नातवंडांना चहाच्या टेबलावर दोन्ही हात पसरायची गरजच उरणार नाही. एका हाताची बोटं पुरतील.

चिलापीची गोष्ट नेमकी उलटी. हा आफ्रिकेतला मासा 1952 साली भारतात आणला गेला. तो लहान वयातच पिल्लं देतो आणि वर्षातून अनेकदा देतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं फारशी मरत नाहीत. परिणाम असा, की पाण्यात गर्दी होते, खाणं पुरत नाही आणि सगळेच खुरटे राहतात. ज्याला भरपूर मासे धरायचे, त्यानं चिलापी धरावी. ती कमी झाली तर उरलेल्यांना अंग धरायला जागा मिळते. थोडक्यात, मोठा मासा हवा असेल तर काय धरायचं यापेक्षा काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. टेक्सासच्या त्या विनोदी नियमाचा अर्थ मला तेव्हा कळला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी हजेरीपटाची वही घेऊन मामूंच्या दुकानात गेले. मी तिथंच होतो. त्यांनी वही मशीनवर ठेवली, साडेसत्तावीस इंचांची ओळ काढली आणि तिच्यावर पट्टीनं सरळ रेघ मारली. मग म्हणाले, "मामू, नियम लिहा. तुमचं अक्षर वाईट आहे, पण चालेल." त्या दिवशी मीही माझ्या गप्प बसण्याचं सांगून टाकलं. मामू म्हणाले, "मला माहीत होतं. तुमच्या तोंडावर दिसत होतं." आणि तिघांसाठी चहा सांगितला.

त्या वहीतले नियम आता असे आहेत. मृगापासून पोळ्यापर्यंत मरळीला गळ नाही. आपल्याकडे श्रावणात पुष्कळ घरांत मासमच्छी बंद असते. गुरुजींच्या घरी तर असतेच. तो बंद थोडा मागे ओढला, एवढंच. पिल्लांचा गोळा कुठल्याही महिन्यात दिसला, तरी तिथून उठायचं. 20 इंचांवरची मरळ मोजायची आणि सोडायची. त्याखालची घरी न्यायची तर एका दिवशी एकच.

सोडायची म्हणजे ती जगली पाहिजे. त्याच्याही काही गोष्टी आहेत. गळाचा आतला उलटा काटा पकडीनं आधीच दाबून टाकावा. गळ सहज निघतो आणि तोंड फाटत नाही. माशाला हात लावण्याआधी हात ओले करावेत, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हीच त्याची रोगांपासूनची ढाल असते आणि कोरड्या हातानं ती निघून जाते. कल्ल्यांत बोटं घालू नयेत. तापलेल्या वाळूवर ठेवू नये. दोन्ही हातांनी पाण्यात धरावा. तो स्वतःहून निघाला की हात उघडावेत.

मग वजनाचं काय, असं कुणी विचारेल. त्यासाठी तराजू लागत नाही. एकाच जातीच्या माशाची लांबी दुप्पट झाली, तर वजन दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होतं, कारण लांबीबरोबर रुंदी आणि जाडीही वाढते. 20 इंची मरळ सव्वा किलोची भरली असेल, तर 24 इंची दोन किलोंच्या वर जाणार. चार इंचांचा फरक दिसायला एवढासा, पण वजनात जवळजवळ पाऊणपट वाढ. मामूंना हे समजवावं लागलं नाही. "गिऱ्हाइकाची उंची थोडी वाढली की कापड किती जास्त लागतं, ते मला विचारा," म्हणाले.

मोजण्यावरून मात्र वाद अजून मिटलेला नाही. टेप मऊ असते. ती माशाच्या फुगीर अंगावरून नेली, तर अर्धा-पाऊण इंच फुकट मिळतो. गुरुजींचा आरोप आहे, की मामू आपला मासा पोटावरून मोजतात आणि गुरुजींचा मासा सरळ. बरोबर रीत एकच आहे. मासा सपाट फळीवर ठेवायचा, तोंड मिटलेलं, आणि तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत माप घ्यायचं. गुरुजींनी आता शाळेची लाकडी पट्टी आणायला सुरुवात केली आहे. मामू म्हणतात, "पट्टी पाण्यानं फुगते."

2016 च्या उन्हाळ्यात ही वहीसुद्धा बंद होती. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि मराठवाड्यातली मोठी धरणं मृतसाठ्यापर्यंत किंवा त्याच्याही खाली गेली. उरलेल्या डबक्यांत मासे इतके दाटले होते, की गळ काय, टोपलीनं काढावेत. आमच्या दोघांनी काठ्या घराच्या माळ्यावर ठेवल्या. डबक्यातला मासा धरण्यात शर्यत कसली? मरळ ओल्या चिखलात, अंग ओलं राहिलं तर बराच काळ तग धरते. पुढच्या पावसात पाणी चढलं आणि गवताच्या कडेनं पुन्हा 'गुप' ऐकू आलं, तेव्हा गुरुजींनी पहिला फोन मामूंना केला.

आणखी दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली, हे पाणी फक्त हौशी लोकांचं नाही. जलाशयांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. बीज त्यांनी सोडलेलं असतं. गळ टाकण्याआधी त्यांना विचारणं हा रिवाज पाळावा. एका भोई मित्रानं मला एकदा ऐकवलं होतं, "तुमची ती शर्यत, आमची ती चूल." स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, असं कुणी करताना दिसलं तर माझ्यासारखं गप्प बसू नये. दुसरी गोष्ट जिवाची. कालव्याच्या उतारावर बसून गळ टाकू नये. ओल्या अस्तरावरून पाय घसरला तर पोहणारालाही वर येता येत नाही. कुठलाही मासा माणसाएवढा मोठा नसतो.

गेल्या हिवाळ्यात मामूंना एक मरळ लागली. फळीवर ठेवली, पट्टी लावली. सव्वासत्तावीस इंच. खोडलेली ओळ सोडली तर वहीतली सगळ्यात मोठी. मामूंनी हात ओले केले, तिला पाण्यात धरलं. ती क्षणभर थांबली आणि गेली. गुरुजींनी वहीत माप लिहिलं, साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं आणि वरच्या खोडलेल्या ओळीकडे पाहिलं.

"पाव इंच कमी पडली, मामू," ते म्हणाले.

"ती ओळ खोडलेली आहे गुरुजी."

"खोडलीय. फाडलेली नाही."

त्या दिवशीची भजी कुणी द्यायची, हे अजून ठरलेलं नाही. आणि ती मरळ पाण्यात आहे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती पाव इंच नक्की वाढेल, असं दोघांचंही म्हणणं आहे. वीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालंय.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)